नकाशा हिरवा, माळ आजारी

उपग्रहचित्रे आणि नकाशे वापरून एखाद्या भूभागाची पर्यावरणीय प्रकृती कशी तपासता येते, याविषयी या सदरात गेल्या अंकात एक छोटे टिपण दिले होते. त्यावर शिक्षक, विद्यार्थी, ग्रामपंचायत सदस्य अशा निरनिराळ्या वाचकांची पत्रे आली. त्यांपैकी सात प्रश्न येथे घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले असून पत्रलेखकांची नावे वगळून फक्त परिसराचा उल्लेख ठेवला आहे.

प्रश्न : शाळेच्या पर्यावरण गटाने भीमेच्या खोऱ्यातील आमच्या तालुक्याची फेब्रुवारी २०१७ आणि फेब्रुवारी २०२४ मधील उपग्रहचित्रे शेजारीशेजारी ठेवून पाहिली. नव्या चित्रात हिरवा रंग बराच वाढलेला दिसतो. तालुक्याचे पर्यावरण सुधारले, असे आम्ही प्रदर्शनाच्या फलकावर लिहावे का? (शिक्षिका, पुणे जिल्हा)

उत्तर : कृपया लिहू नये, निदान अजून लिहू नये. आपण जो हिरवा रंग पाहिला तो बहुधा एनडीव्हीआय या वनस्पती निर्देशांकाचा असावा. पानातील हरितद्रव्य लाल प्रकाश शोषून घेते, तर पानाची आतील पेशीरचना आपल्या डोळ्यांना न दिसणारा निकट-अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परत फेकते. उपग्रह या दोन्ही पट्ट्यांतील परावर्तन मोजतो. अवरक्तातून लाल वजा करून ती वजाबाकी दोघांच्या बेरजेने भागली की उणे १ ते अधिक १ यांच्या दरम्यानचा आकडा मिळतो. समजा लाल ०.०५ आणि अवरक्त ०.४५ असेल, तर उत्तर ०.८ येते आणि नकाशावर तो ठिपका गर्द हिरवा रंगवला जातो. उघड्या मुरमाड जमिनीवर लाल ०.२० आणि अवरक्त ०.२५ असेल, तर उत्तर जेमतेम ०.११ येते. या गणितात कोणते पान, कोणाचे पान आणि ते तेथे का आहे, यांपैकी काहीही नोंदले जात नाही.

आता फेब्रुवारी महिना डोळ्यांपुढे आणावा. जुलै-ऑगस्टमध्ये लावलेला आडसाली ऊस या वेळी ऐन वाढीत असतो. माळावरचे गवत मात्र दिवाळीनंतर पिवळे पडू लागलेले असते आणि फेब्रुवारीत ते उभे वाळलेले असते. त्याचा जीव मुळांत असतो, पानांत नसतो. तेव्हा याच महिन्याचे चित्र प्रमाण मानले, तर कालव्याच्या पाण्यावर वाढलेला ऊस पहिला येईल आणि चिंकारा, लांडगा, खोकड, चंडोल यांना सांभाळणारा शेकडो वर्षांचा माळ नापास होईल. भर उन्हाळ्यातही हिरवी राहणारी वेडी बाभूळ या परीक्षेत चांगले गुण मिळवते. उजनीच्या फुगवट्यावर पसरणारी जलपर्णी तर उत्तम गुण मिळवते, कारण उपग्रहाच्या लेखी तीही दाट, रसरशीत पालवीच आहे. प्रत्यक्षात ती त्या पाण्यात मिसळलेल्या सांडपाण्याची आणि खतांची खूण आहे.

याचा अर्थ हा निर्देशांक टाकाऊ आहे, असा नाही. एका दिवसाच्या चित्राऐवजी वर्षभराची चित्रे घेतली, तर तोच निर्देशांक बरेच काही सांगतो. एका जागेचे महिनावार आकडे आलेखावर मांडावेत. माळरानाची रेषा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये टोक गाठून हिवाळ्यात उतरते. उसाची रेषा कित्येक महिने उंचावर सपाट राहते आणि तोड झाली की एकदम कोसळते. पानझडी जंगलाची रेषा फेब्रुवारी-मार्चमध्ये खाली येते आणि पावसाआधीच्या पालवीने पुन्हा किंचित वर सरकते. वेड्या बाभळीच्या रेषेत एवढे चढउतार नसतात. रेषेचा आकार पाहिल्यावर तेथे काय उगवले आहे याचा पुष्कळ अंदाज येतो. युरोपीय सेंटिनेल-२ मालिकेतील पहिला उपग्रह २०१५ मध्ये आणि दुसरा २०१७ मध्ये सोडला गेला. असे दोन उपग्रह मिळून साधारण पाच दिवसांनी एकाच जागेचे चित्र मिळते आणि ते विनामूल्य असते. जून ते सप्टेंबर या काळात ढगांमुळे यांतील बरीच चित्रे वाया जातात, हे मात्र गृहीत धरावे. त्या महिन्यांसाठी सेंटिनेल-१ च्या रडारची माहिती वापरता येते, कारण रडारला ढग आड येत नाहीत.

एक अनुभव सांगतो. बारामतीच्या बाजूच्या एका माळावरील काही हेक्टरांचा तुकडा पाच वर्षांत स्पष्टपणे हिरवा झाल्याचे माझ्या नकाशावर दिसत होते आणि मी तो अहवालात ‘सुधारणा’ या रकान्यात टाकलाही होता. नंतर प्रत्यक्ष गेलो तेव्हा तेथे गिरिपुष्पाच्या सरळ रांगा होत्या, रांगांमध्ये खोदलेले चर होते आणि चरांच्या कडेला उकरलेल्या मुरमावर गाजरगवत माजले होते. पलीकडच्या न खोदलेल्या माळावर मारवेल आणि पवना ही गवते गुडघ्याएवढी होती आणि तेथून दर काही पावलांवर चंडोल उडत होते. रांगांमध्ये अर्धा तास फिरूनही मला एकही उडालेला दिसला नाही. मेंढ्या घेऊन चाललेल्या एका मेंढपाळाने मी न विचारताच सांगितले, “इथं आता चरायला काय नाय.” अहवालातला तो रकाना मला बदलावा लागला.

प्रश्न : आमच्या गावामागचा कातळसडा सरकारी नकाशात ‘पडीक’ म्हणून दाखवला आहे. पावसाळ्यात तो फुलांनी भरून जातो. नकाशा चुकीचा म्हणायचा का? (रत्नागिरी जिल्हा)

उत्तर : नकाशा काढणाऱ्याने बहुधा नियमाप्रमाणेच काम केले आहे, चूक नियमात आहे. कोणत्याही वर्गीकृत नकाशात आधी पेट्या ठरतात आणि मग जमीन त्या पेट्यांत भरली जाते. देशातील पडीक जमिनींचा नकाशासंग्रह केंद्र सरकारचा भूसंसाधन विभाग आणि हैदराबादचे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र मिळून प्रसिद्ध करतात. त्यात खडकाळ उघडी जमीन, विरळ झुडपांची जमीन, ऱ्हास पावलेली कुरणे असे वर्ग आहेत. आपला सडा मे महिन्यात काळा, तापलेला जांभा दगड असतो, त्यामुळे तो ‘खडकाळ’ या पेटीत अलगद जाऊन बसतो. ज्या जमिनीतून शेतसारा मिळत नाही ती पडीक, हा महसुली दृष्टिकोन इंग्रजी अमदानीपासून चालत आलेला आहे आणि उपग्रह आले तरी तो शब्द तसाच राहिला.

साताऱ्याचे कास पठार याच जातीचे आहे. जांभ्यावर जेमतेम बोटभर माती, पावसाळ्यात साचणारी उथळ डबकी आणि ऑगस्ट ते ऑक्टोबरदरम्यान लागोपाठ येणारे फुलांचे बहर, हे त्याचे स्वरूप आहे. वायतुऱ्यासारखी पाणवनस्पती अशाच पठारांवरील डबक्यांत उगवते आणि उत्तर सह्याद्रीबाहेर सापडत नाही. हे पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटातील इतर स्थळांसह जागतिक वारसा यादीत गेले. तसे नसते तर मे महिन्यातील चित्रावरून त्यालाही कोणीतरी ‘सुधारण्यायोग्य’ ठरवले असते. रत्नागिरीच्या सड्यांवर कातळशिल्पेही आहेत. ती कोरणाऱ्यांना ही जमीन पडीक वाटली नसावी.

दुसरी पेटी वनाची आहे आणि तीही तितकीच फसवी आहे. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या व्याख्येनुसार एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या क्षेत्रावर झाडांच्या छत्राची घनता १० टक्के किंवा अधिक असेल, तर ते वनाच्छादन धरले जाते, मग मालकी कोणाचीही असो आणि झाडे कोणतीही असोत. म्हणजे काजूची आणि आंब्याची बाग वनाच्छादनात मोजली जाऊ शकते, आणि गवताळ माळ कितीही निरोगी असला तरी त्यात येत नाही. एम. डी. मधुसूदन आणि अबी तमीम वनक या संशोधकांनी गवताळ माळ, खुरटी झुडपे, खडकाळ पठारे अशा मोकळ्या नैसर्गिक परिसंस्थांचा देशव्यापी नकाशा तयार केला, तेव्हा त्यांचे क्षेत्र देशाच्या भूभागाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याएवढे भरले. एवढी जमीन आपण ‘पडीक’ या एका शब्दाखाली ठेवली आहे, हे लक्षात घेतले की आपल्या प्रश्नाचे उत्तर गावापुरते राहत नाही.

आपण करावयाचे काम असे : सड्याची ऑगस्ट, सप्टेंबर आणि मे या तीन महिन्यांतील छायाचित्रे, अक्षांश-रेखांशासह, गावाच्या लोक जैवविविधता नोंदवहीत लावून घ्यावीत. जैवविविधता कायदा २००२ नुसार ही नोंदवही तयार करणे हे स्थानिक जैवविविधता व्यवस्थापन समितीचे काम आहे.

प्रश्न : मी भूगोलाचा पदव्युत्तर विद्यार्थी असून पंचगंगा खोऱ्यासाठी ‘पर्यावरणीय आरोग्य निर्देशांक’ तयार करत आहे. वनाच्छादन, नदीचे पाणी, उतार, रस्त्यांपासूनचे अंतर अशा आठ थरांना वजने देऊन एकच आकडा काढला आहे. वजने किती द्यावीत? (कोल्हापूर)

उत्तर : वजनांआधी एक प्रश्न विचारावा लागेल, कारण त्याचे उत्तर मिळाल्याशिवाय कोणतेही वजन बरोबर ठरणार नाही. आपण प्रकृती मोजत आहात की संवेदनशीलता? उतार आणि उंची यांनी जमीन आजारी किंवा बरी होत नाही. तीव्र उतारावरील जमीन धक्का लागला तर लवकर ढासळेल, एवढेच त्यातून कळते. अंगाने नाजूक माणूस ठणठणीत असू शकतो आणि दणकट माणूस अंथरुणाला खिळलेला असू शकतो. हे दोन प्रश्न एका आकड्यात मिसळले, तर घनदाट जंगलाचा उभा कडा आणि उघडा बोडका उभा कडा यांचे गुण एकमेकांच्या जवळ येतात.

या बाबतीत माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट परिसर तज्ज्ञ गटाचा अहवाल मुळातून वाचण्यासारखा आहे. मार्च २०१० मध्ये हा गट नेमला गेला आणि ऑगस्ट २०११ मध्ये त्याने अहवाल दिला. या गटाने संपूर्ण पश्चिम घाटावर अक्षांश-रेखांशाच्या पाच-पाच मिनिटांचे, म्हणजे सुमारे ९ किलोमीटर बाजूचे चौकोन आखले आणि प्रदेशनिष्ठ वनस्पती, वनांचे प्रमाण, नदीकाठची वने, उंची, उतार अशा निकषांवर प्रत्येक चौकोनाला गुण दिले. त्यातून निघाले ते परिसराच्या महत्त्वाचे आणि संवेदनशीलतेचे चित्र, आणि गटाने त्याला नावही तसेच दिले. प्रकृतीचा दाखला म्हणून ते पुढे केले नाही. शिवाय हे गुण राज्यवार सापेक्ष होते, त्यामुळे महाराष्ट्रातील चौकोनाचे गुण केरळमधील चौकोनाशी थेट ताडून पाहता येत नाहीत. अनेक वादविवादांत ही साधी गोष्ट कोणी उच्चारलीही नाही. ९ किलोमीटर बाजूचा चौकोन म्हणजे ८१ चौरस किलोमीटर, जवळजवळ वीस हजार एकर, हेही विसरू नये. त्यात डोंगर, गाव, धरण आणि भातखाचरे सगळे एका गुणाखाली येते.

प्रकृतीच मोजायची असेल, तर पर्यावरणीय अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट कोस्टान्झा यांनी १९९२ मध्ये मांडलेली त्रिसूत्री मला अजूनही सर्वांत कामाची वाटते. परिसंस्थेचा जोम, तिची घडण आणि धक्क्यानंतर सावरण्याची तिची क्षमता, असे तीन भाग त्यात आहेत. जोमासाठी वनस्पती निर्देशांकाची वर्षभराची बेरीज घेता येते. घडणीसाठी जंगलाचे किंवा माळाचे तुकडे किती, केवढे आणि एकमेकांपासून किती लांब, हे पाहावे लागते. सावरण्याची क्षमता हा भाग बहुतेक प्रबंधांतून गळालेला असतो, कारण त्याला एका चित्राऐवजी वर्षानुवर्षांची मालिका लागते. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर २०१८ हे दुष्काळी वर्ष त्यासाठी तयार प्रयोगच आहे. त्या वर्षी कोणती जागा किती सुकली आणि नंतरचे पाऊस चांगले झाल्यावर ती पूर्वीच्या पातळीवर परतली का, हे पाहता येते. लँडसॅट मालिकेची ३० मीटरची चित्रे १९८० च्या दशकापासून उपलब्ध असल्याने १९९० च्या आधीची स्थितीही पडताळता येते. पावसाचा परिणाम मात्र वेगळा काढावा. चर्प्स ही पावसाची जागतिक माहिती १९८१ पासून मिळते. एवढा पाऊस पडूनही हिरवाई अपेक्षेपेक्षा सतत कमी राहत असेल, तर जमिनीत काही बिघडले आहे, असा संशय घेण्यास जागा असते.

आता वजने. आपण वनस्पतीला ९, तुकड्यांच्या सलगतेला ८ आणि नदीच्या पाण्याला १ गुण दिलात आणि सरासरी काढलीत, तर ६ येतात. ‘मध्यम’ असा शेरा मिळालेल्या त्या चौकोनातील नदी मेलेली आहे, हे नकाशा पाहणाऱ्याला कधीच कळणार नाही. रुग्णाचा ताप, रक्तदाब आणि साखर यांची सरासरी काढून कोणी डॉक्टर औषध लिहून देत नाही. म्हणून माझा आग्रह असा की तीन नकाशे वेगळे छापावेत आणि एकत्रित आकडा द्यायचाच असेल, तर सरासरीऐवजी सर्वांत कमी गुण द्यावा. मार्गदर्शकांनी एकच निर्देशांक मागितला असेल, तर वजने बदलून किमान पाच वेळा नकाशा काढावा आणि जे चौकोन पाचही वेळा वाईट ठरतात, तेवढेच ठामपणे सांगावेत.

प्रश्न : आमच्या देवराईत शेकडो वर्षांची झाडे आहेत, पण ती कोणत्याच नकाशात दिसत नाही. उपग्रहाला ती दिसत नाही का? (दापोली)

उत्तर : देवराई लहान असेल, तर तिचे हरवणे साहजिक आहे. सेंटिनेल-२ चा एक ठिपका १० मीटर बाजूचा, म्हणजे १०० चौरस मीटरचा असतो, आणि योगायोगाने आपला गुंठाही १०१ चौरस मीटरचा असतो. तेव्हा एक ठिपका म्हणजे एक गुंठा, असे समजून चालावे. आपल्या रिसोर्ससॅट उपग्रहावरील लिस-३ या कॅमेऱ्याचा ठिपका साडेतेवीस मीटरचा, म्हणजे साडेपाच गुंठ्यांचा, आणि लँडसॅटचा ३० मीटरचा, म्हणजे सुमारे नऊ गुंठ्यांचा असतो. वन सर्वेक्षणाची एक हेक्टरची अट शंभर गुंठ्यांची झाली. आपली देवराई पस्तीस-चाळीस गुंठ्यांची असेल, तर ती त्या अटीत बसत नाही आणि आजूबाजूच्या कलमांच्या बागेत मिसळून जाते.

शिवाय दाट छत्र असेल तेथे वनस्पती निर्देशांक एका मर्यादेनंतर वाढतच नाही. देवराई आणि शेजारची जोमदार बाग दोन्ही सारख्याच हिरव्या दिसतात. अशा वेळी शिवाराच्या नकाशावर देवराईची सीमा हाताने आखून घेणे हाच उत्तम उपाय आहे. मोबाइलवर जीपीएस चालू ठेवून कडेने एक फेरी मारली की काम होते. मात्र दाट झाडीखाली जीपीएसची नोंद काही मीटरने भरकटते, म्हणून शक्यतो झाडीच्या बाहेरून चालावे.

प्रश्न : आमचे गाव पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राच्या यादीत आले, पण शेजारचे तितकेच जंगल असलेले गाव आले नाही. हे कसे ठरते? (ग्रामपंचायत सदस्य, पाटण तालुका)

उत्तर : गाडगीळ गटानंतर नेमलेल्या कस्तुरीरंगन यांच्या उच्चस्तरीय कार्यगटाने एप्रिल २०१३ मध्ये अहवाल दिला. या गटाने सुमारे २४ मीटरच्या उपग्रहचित्रांवरून पश्चिम घाटाची विभागणी ‘नैसर्गिक’ आणि ‘सांस्कृतिक’ अशा दोन भूदृश्यांत केली. शेती, बागा, वस्त्या यांचा समावेश दुसऱ्यात होतो. नैसर्गिक भूदृश्यातील संवेदनशील भाग ज्या गावाच्या क्षेत्राच्या २० टक्के किंवा अधिक असेल, ते संपूर्ण गाव यादीत घेतले गेले. यात दोन ठिकाणी कात्री लागते. गावाचे प्रमाण २१ टक्के आले तर सगळे गाव आत जाते आणि १९ टक्के आले तर सगळे बाहेर राहते. शिवाय हे प्रमाण गावाच्या एकूण क्षेत्रावर अवलंबून असते, त्यामुळे जंगल तेवढेच असूनही मोठ्या शिवाराचे गाव सुटते आणि लहान शिवाराचे गाव सापडते. आपल्या आणि शेजारच्या गावात बहुधा हेच घडले असावे.

हे क्षेत्र जाहीर करण्याची मसुदा अधिसूचना प्रथम मार्च २०१४ मध्ये निघाली आणि त्यानंतर ती वारंवार नव्याने काढावी लागली. सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ चा आहे. हरकत नोंदवताना ‘आमचे गाव वगळा’ एवढेच लिहिण्यापेक्षा गावाची शीव, गट क्रमांक आणि प्रत्यक्ष जमीनवापर दाखवणारा नकाशा जोडला, तर त्या हरकतीला वजन येते. गावाची शीव जुन्या स्थलदर्शक नकाशावरून उचलली असेल, तर एक खबरदारी घ्यावी. ते नकाशे एव्हरेस्ट या जुन्या भूमापन आधारावर काढलेले असतात आणि जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ या आधारावर चालते. हे रूपांतर न करता एकावर दुसरे ठेवले, तर शीव शंभराहून अधिक मीटर सरकू शकते आणि दोन गावांच्या भांडणाला आयते निमित्त मिळते.

प्रश्न : सावंतवाडी परिसरातील जंगलातून दहा मीटर रुंदीचा रस्ता जायचा आहे. त्यासाठी फक्त एक हेक्टर जंगल जाणार, असे सांगतात. एवढ्याने काय बिघडणार?

उत्तर : हा हिशेब कागदावर करून पाहू. एक किलोमीटर बाजूचे चौकोनी जंगल घ्या. त्याचे क्षेत्र १०० हेक्टर. जंगलाच्या कडेला ऊन, वारा, गुरे आणि घाणेरीसारखी झुडपे आत शिरतात. हा परिणाम कडेपासून १०० मीटर आतपर्यंत पोहोचतो, असे धरले, तर आतला अस्पर्श गाभा ८०० मीटर बाजूचा, म्हणजे ६४ हेक्टरांचा उरतो. आता मधोमध दहा मीटरचा रस्ता काढा. जंगल खरोखरच एक हेक्टरनेच कमी झाले. पण रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नवीन कडा तयार झाल्या, आणि उरलेल्या दोन तुकड्यांतील गाभे मोजले तर ते मिळून ४७ हेक्टरांच्या आसपास भरतात. म्हणजे रस्त्याने एक हेक्टर घेतला आणि गाभ्यातून सतरा हेक्टर गेले. वनाच्छादनाच्या टक्केवारीत हे दिसणारच नाही. कडेचा परिणाम प्रत्येक प्राण्यासाठी वेगळा असतो, ही या हिशेबाची मर्यादा मान्य आहे. १०० ऐवजी ५० मीटर धरून आपणही तो करून पाहावा.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट आहे. दोडामार्गाकडे जंगल काढून रबर लावले, तर वरून पाहता छत्र पुन्हा जुळते आणि काही वर्षांनी नकाशा पूर्ववत हिरवा होतो. जंगलात वेगवेगळ्या उंचीचे थर असतात, रबराच्या बागेत एकच थर असतो. हा फरक ओळखण्यासाठी छत्राची उंची मोजणारी लेझर किरणांची साधने लागतात. अमेरिकेने आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर बसवलेले गेडी हे उपकरण अशा नोंदी घेते. त्या नोंदी सलग नसून ठिपक्याठिपक्यांनी येतात, त्यामुळे एखाद्या गावापुरत्या त्या पुरतीलच असे नाही.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाकडे निधी नाही. हे काम कोठून सुरू करावे, आणि आमचा नकाशा बरोबर आहे हे कसे ओळखावे? (नागपूर आणि सोलापूर येथील दोन पत्रे)

उत्तर : क्यूजीआयएस ही नकाशे तयार करण्याची संगणकप्रणाली फुकट आहे, सेंटिनेल आणि लँडसॅटची चित्रे फुकट आहेत आणि भारतीय सर्वेक्षण विभागाचे स्थलदर्शक नकाशेही उतरवून घेता येतात. नागपूरच्या विद्यार्थ्यांसाठी एक छोटी सूचना : मुंबई, पुणे, सोलापूर हा भाग यूटीएमच्या, म्हणजे पृथ्वीचे सहा-सहा रेखांशांचे पट्टे पाडणाऱ्या नकाशापद्धतीच्या, ४३ व्या पट्ट्यात येतो आणि नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली ४४ व्या. पुण्याच्या मित्राची फाइल तशीच वापरली, तर क्षेत्रफळे थोडी चुकतील.

अचूकतेबाबत ‘९५ टक्के अचूक’ या शब्दांवर भाळू नये. समजा तपासणीसाठी शंभर ठिकाणे निवडली आणि त्यांपैकी पाचच माळरानावर आहेत. नकाशाने ती पाचही ‘शेती’ म्हणून दाखवली आणि उरलेली पंचाण्णव बरोबर दाखवली, तरी अचूकता ९५ टक्केच येते, माळरान मात्र नकाशातून साफ पुसले गेलेले असते. सोलापूरकरांना हे अधिक जाणवावे, कारण माळढोकासाठी १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झाले ते याच जिल्ह्याच्या आणि शेजारच्या नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्याच्या माळांवर. म्हणून प्रत्येक वर्गाची अचूकता वेगळी काढावी आणि दुर्मीळ वर्गासाठी मुद्दाम अधिक ठिकाणे निवडावीत. ठिकाणे संगणकाकडून यादृच्छिक पद्धतीने काढून घ्यावीत. आपण स्वतः निवडली, तर ती सगळी रस्त्याच्या कडेला येतात. पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींतही हाच दोष दिसतो.

पन्नास ठिकाणांपासून सुरुवात करावी. प्रत्येक ठिकाणी चार दिशांची चार छायाचित्रे घ्यावीत, गवतांची स्थानिक नावे, लेंड्या, खोदकाम, तोडलेले बुंधे आणि मातीचा रंग लिहून ठेवावा. गवताचे नाव माहीत नसेल, तर जवळच्या मेंढपाळाला विचारावे. कुसळी कधी वाढली आणि मारवेल कधी गेला, हे त्याच्याइतके नेमके दुसरे कोणी सांगत नाही. त्याच पन्नास ठिकाणी सप्टेंबरच्या अखेरीस एकदा आणि मे महिन्यात पुन्हा एकदा जावे. सोलापूरच्या मे महिन्यातील फेरी मात्र सकाळी दहाच्या आत आटोपावी आणि सोबत माणशी तीन लिटर पाणी ठेवावे.